गुंड्याच्या टँकमध्ये खाली काय घालू?

पत्र

काकू, नमस्कार. आम्ही सिडनीत वेंटवर्थव्हिलला राहतो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, वर्षभर बिअर्डेड ड्रॅगनचा (तो दाढीवाला सरडा) हट्ट धरून बसला होता, शेवटी लायसन्स काढून मार्चमध्ये आणला एकदाचा. नाव ठेवलंय गुंड्या. आता साधारण पाच महिन्यांचा असेल. दुकानात टँक, लाल बल्ब, एक छोटा गुंडाळीसारखा यूव्ही बल्ब आणि कॅल्शियम सँडच्या दोन पिशव्या असं सगळं एकत्रच दिलं. सांगितलं की ही वाळू खाल्ली तरी पचते, उलट कॅल्शियमच मिळतं. आता मे संपत आलाय आणि गुंड्या सारखी वाळू चाटतो, खाणं कमी झालंय आणि सहा दिवस झाले शी केलेली नाही. काचेवरचा थर्मामीटर ३१ दाखवतो. नेटवर बघितलं तर अर्धे लोक म्हणतात वाळू म्हणजे मरण, अर्धे म्हणतात वाळवंटातला प्राणी आहे त्याला वाळूच हवी. नवरा म्हणतो पेपर घाल, संपला विषय. मुलाला वाळवंटासारखं दिसायला हवंय, पेपर म्हटलं की रडतो. सासूबाई इथे आल्यात, त्या म्हणतात दोन थेंब एरंडेल द्या, मोकळं होईल. मी नक्की काय करू? खाली काय घालू?
– गुंड्याची (नाइलाजाने झालेली) आई

उत्तर

अगं, आधी एरंडेलाची बाटली कपाटात ठेव आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग. माझ्या आजीनेही हेच सांगितलं असतं, पण सरड्याच्या तोंडात जबरदस्तीने तेल घातलं की ते पोटाऐवजी फुप्फुसात जायची भीती असते आणि मग बद्धकोष्ठ बाजूला राहून न्यूमोनियाच गळ्यात पडतो. तेल नको, कुठलंच नको, ऑलिव्ह ऑइल पण नको.

आता माझं जरा सांगते म्हणजे कोण सल्ला देतंय ते कळेल. मी व्हेट नाही. माझा मुलगा युनिव्हर्सिटीला गेला आणि त्याचा सरडा माझ्या गळ्यात मारून गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली आणि त्या सरड्याचं नाव तात्या. तात्याने मला जे शिकवलं ते आणि आमच्या रेप्टाइल व्हेटबाईंनी ओरडून ओरडून जे डोक्यात घातलं ते, एवढंच माझं भांडवल आहे.

तर तुझ्या प्रश्नातला घाईचा भाग आधी. पाच महिन्यांचं पिल्लू जवळपास रोज नाहीतर दिवसाआड शी करतं, मोठा सरडा चार-पाच दिवस, कधी आठवडाही काढतो, त्यामुळे गुंड्याचे सहा दिवस हे जास्त आहेत आणि त्यात वाळू चाटतोय, खात नाहीये, म्हणजे आज किंवा उद्याच रेप्टाइल बघणाऱ्या व्हेटला फोन कर. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा व्हेट असेल तर आधी विचार की सरडे बघता का, सगळे बघत नाहीत. एक्स-रेमध्ये पोटात वाळू साठली असेल तर दिसते. आणि मागचे पाय ओढत चालला, पाय थरथरले, पोट कडक लागलं, उलटी केली, यातलं एक जरी दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ घेऊन जायचं. कुणी तुला सांगेल की अगं थंडी आली, ब्रुमेशनला गेला असेल, म्हणजे हिवाळ्यात ते झोपतात ना ते. खरंय, जून ते ऑगस्टमध्ये मोठे ड्रॅगन कित्येक आठवडे झोपून काढतात, आमचा तात्या तर काढतोच, पण पाच महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत "झोपला असेल" म्हणून सोडून देऊ नकोस.

आज संध्याकाळी एवढंच कर. गुंड्याला कोमट पाण्यात बसव, आपल्या मनगटाला जेमतेम गरम लागेल इतकंच, पाणी त्याच्या खांद्यापर्यंत आलं की बास, दहा-पंधरा मिनिटं, आणि त्याला एकट्याला सोडून जायचं नाही. पुष्कळदा पाण्यातच काम होतं (म्हणून किचनचं भांडं वापरू नको, एक स्वस्त टब त्याच्याच नावाने ठेव). तोवर नवऱ्याला वाळू उपसायला लाव. सगळी. एक कण ठेवायचा नाही. टँक पुसून घ्या आणि खाली किचन टॉवेल घाला, नाहीतर वर्तमानपत्र.

हो, म्हणजे नवरा बरोबर आहे, सध्यापुरता. पुढचं वाच म्हणजे त्याला फार चढायला नको.

कॅल्शियम सँडबद्दल माझं मत अगदी सरळ आहे, ती कुठल्याच सरड्याखाली नको. ती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, अ‍ॅसिडिटीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये असतं तेच. आता तूच विचार कर, जेवणाआधी मूठभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या तर पचन सुधारेल का? वर ती ओली झाली की गोळा धरते, आतड्यातही ओलंच असतं की. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "खाल्ली तरी चालते" हे पिशवीवर लिहिल्यामुळे माणसं निर्धास्त होतात, सरडा चाटताना दिसला तरी त्यांना बरंच वाटतं. कॅल्शियम द्यायचं ते पावडर म्हणून, क्रिकेट्सवर (रातकिडे गं) किंवा वुडीजवर (छोटी झुरळं) भुरभुरवून द्यायचं, जमिनीवर पसरून नाही. तो चाटतोय ना, तर कॅल्शियमची कमतरता असलेले सरडे माती-वाळू खायला लागतात, गरोदर बायका माती खातात ना तसंच काहीसं. म्हणजे त्याचं चाटणं हे कारणही असेल आणि लक्षणही.

आणि इथेच खरा मुद्दा येतो, जो मला तुला सगळ्यात आधी सांगायचा होता पण शी मध्ये आली. तू विचारलंस खाली काय घालू, मी म्हणते आधी वर बघ.

३१! काचेवरचा तो गोल स्टिकर काचेचं तापमान दाखवतो, गुंड्या बसतो त्या दगडाचं नाही. पिल्लाला ऊन खायची जागा हवी ४० ते ४२ डिग्री, मोठ्याला ३८ ते ४२, आणि हे हवेचं नाही तर दगडाच्या पृष्ठभागाचं तापमान, त्यासाठी ती बंदुकीसारखी टेम्परेचर गन मिळते ती घे. दुसऱ्या टोकाला २४ ते २७ हवं म्हणजे त्याला नको झालं की तिकडे जाता येतं. सरड्याच्या पोटात आपल्यासारखी शेगडी नसते गं, बाहेरून ऊब मिळाली तर पचन चालतं, नाही मिळाली तर क्रिकेट पोटात तसाच पडून राहतो. मग त्याच्यात चार कण वाळू गेली की दोष वाळूवर येतो. टिळा वाळूला लागतो आणि बल्ब नामानिराळा.

तसंच यूव्हीचं. तो गुंडाळीचा बल्ब काढ आणि लांब ट्यूब बसव, टी-फाइव्ह म्हणतात ती, डेझर्टसाठीची १० किंवा १२ टक्केवाली, टँकच्या लांबीच्या निम्मी ते दोन तृतीयांश. ऊन खायच्या जागेपासून साधारण ३० सेंटीमीटरवर, पण ट्यूब आणि सरड्याच्या मध्ये जाळी असेल तर जाळीने बरंच अडतं, मग आणखी जवळ आणावी लागते, पाकिटावर अंतर लिहिलेलं असतं. आणि वर्षाने बदलायची, उजेड पडतोय म्हणजे यूव्ही येतंय असं नाही. "आमच्या खिडकीत छान ऊन येतं" हे मला आत्तापर्यंत डझनभर लोकांनी सांगितलंय, काचेतून यूव्हीबी येत नाही, संपलं. यूव्हीबी म्हणजे यूव्हीतला त्याच्या कामाचा भाग, तो नाही म्हणजे डी-थ्री जीवनसत्त्व नाही, डी-थ्री नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग हाडं मऊ पडतात, आतड्याचे स्नायूही नीट चालत नाहीत, आणि मग सरडा माती चाटतो. बघ, फिरून परत तिथेच आलो. तो लाल बल्ब पण काढून टाक, त्यांना रंग छान दिसतात, दिवसभर डिस्कोत बसल्यासारखं वाटत असेल बिचाऱ्याला. साधा पांढरा हॅलोजनचा स्पॉट लाव, रात्री सगळं बंद, घरात १८ च्या खाली जात नसेल तर रात्री हीटर लागत नाही.

हे सगळं झालं की मग जमीन. आता वाळवंटाचं.

दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही ब्रोकन हिलला गेलो होतो, सिडनीपासून अकराशेच्या वर किलोमीटर, नवऱ्याची हौस. निंगन सोडून कोबारकडे निघालं की माती लाल व्हायला लागते आणि पुढे विलकॅनियापर्यंत नुसती लालच लाल. आणि कुंपणाच्या लाकडी खांबांवर हे बसलेले, दाढी फुगवून, एका खांबावर एक, जणू टोलनाक्यावरचे हवालदार. आपल्याकडे म्हणतात ना सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ती म्हण मी तिथे डोळ्याने बघितली. एका ठिकाणी गाडी थांबवून मी मुद्दाम खाली उतरले आणि जमिनीत बोट खुपसायचा प्रयत्न केला. बोट जाईना! वर दोन-चार मिलिमीटर धूळ आणि खाली टणक, मुरमासारखी घट्ट बसलेली माती, त्यात बारीक खडे, वाळलेलं गवत, झाडांच्या काटक्या. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजस्थानचे वाळूचे ढीग येतात, उंटाच्या पोस्टरवरचे. गुंड्याचे पूर्वज असल्या भुसभुशीत ढिगाऱ्यात राहणारे नव्हेतच, ते घट्ट मातीवरचे आणि झाडाझुडपांवरचे, खांबांवरचे. त्यामुळे "वाळवंटातला आहे, वाळू घाला" आणि "वाळू म्हणजे मरण" हे दोन्ही अर्धवट आहे. ठणठणीत मोठा सरडा, ऊब बरोबर, यूव्ही बरोबर, पोटात पाणी बरोबर, तो क्रिकेट पकडताना थोडी माती गिळतो आणि शीतून बाहेर टाकतो. तेच आजारी, गारठलेल्या पिल्लाला महागात पडतं. म्हणून आत्ता गुंड्याला सुट्टं काहीच नको, आणि तो वर्षाचा होईपर्यंत मी तरी नाहीच घालणार.

पेपरबद्दल आणखी थोडं. फुकट, स्वच्छ, आणि शी कधी केली, कशी केली ते लगेच दिसतं, आजारी प्राण्याच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे. शीचा ताजा नमुना व्हेटकडे नेऊन जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले बारीक परजीवी) तपासून घे, नवीन आणलेल्या पिल्लात हे कॉमन असतं आणि खाणं कमी व्हायचं तेही कारण असू शकतं. पण पेपर गुळगुळीत असतो, पिल्लू पळताना घसरतं, खणायला काही नाही, नखं झिजत नाहीत. म्हणून पेपर म्हणजे हॉस्पिटलची चादर समज, कायमचं घर नाही. (हे नवऱ्याला वाचून दाखव.)

मग कायमचं काय, तर तुझ्यासारख्या पहिल्यांदाच पाळणाऱ्या घराला मी डोळे झाकून फरशी सांगते. साध्या टाइल्स. चकचकीत नको, बाथरूमच्या मजल्याला असतात तशा खरखरीत, नाहीतर स्लेट. दगड बल्बखाली छान तापतो आणि ऊब धरून ठेवतो, नखं आपोआप घासली जातात, शी पडली तर पुसली की झालं, पोटात जाण्यासारखं काही नाही. १२० बाय ६० चा टँक असेल तर ३० बाय ३० च्या आठ टाइल्स. आतलं माप बाहेरच्यापेक्षा थोडं कमी भरतं, म्हणून एक ओळ कापून घ्यावी लागते, टाइलच्या दुकानात किंवा ओळखीचा टाइलवाला असेल तर पाच मिनिटांचं काम. तुझा टँक किती मोठा ते लिहिलं नाहीस, पण पूर्ण वाढलेला ड्रॅगन नाकापासून शेपटीपर्यंत ४५ ते ६० सेंटीमीटर होतो, तेव्हा १२० बाय ६० बाय ६० हे कमीत कमी धर, आत्ता छोटा असेल तर पुढे घ्यावाच लागेल. आणि तुझ्या लेकाचा प्रश्न पण इथेच सुटतो, लाल-तपकिरी रंगाच्या स्लेटच्या फरश्या घ्या, वर दोन-तीन वेडेवाकडे दगड, एक जाड फांदी, मागे स्वतः रंगवलेलं वाळवंटाचं चित्र. रविवारी त्याला रंग देऊन बसव. फक्त दगडाखाली खणून तो अंगावर पडणार नाही असा पक्का बसलेला हवा, आणि फांद्या-माती-दगड नॅशनल पार्कमधून उचलून आणायचे नाहीत, ते बेकायदा आहे आणि त्यातून मुंग्या, माइट्स काय काय घरात येतं.

कार्पेट घेऊ नकोस. रेप्टाइल कार्पेट म्हणून हिरवं किंवा तपकिरी मिळतं, आम्ही सुरुवातीला तेच घातलं होतं, दिसायला अगदी नीटनेटकं. एके दिवशी तात्याचं नख त्याच्या धाग्यात अडकलं, त्याने ओढलं आणि नखासकट बोटाचं टोक रक्ताने माखलं. मी घाबरून मुलाला फोन केला तर तो लेक्चरमध्ये. शिवाय ते कितीही धुतलं तरी वास जात नाही आणि त्यात जंतू बसतात ते वेगळंच.

बाकी दुकानात जे जे दिसेल त्यातलं काय काय टाळायचं ते पटापट सांगते. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, नको, कडा धारदार असतात. पाइन किंवा सीडरचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा वास सरड्यांना सोसत नाही. मक्याच्या कणसाचा चुरा नको, ओला झाला की बुरशी. कॅट लिटर तर अजिबात नको, पाणी लागलं की फुगतंच ते, त्याचं कामच ते आहे. चिकट कागदाचं ड्रॉवर लायनर पण नको, उष्णतेने गोंद सुटला की पोट चिकटून बसतं. आणि कॉयर, आपल्या नारळाच्या सोडणाचा भुगा, मी मालवणची, त्यामुळे सोडणाबद्दल माझ्या मनात फार प्रेम आहे, पण एकट्या कॉयरवर ड्रॅगन नको. सुका असला की धूळ उडते आणि डोळ्यात-नाकात जाते, ओला ठेवला की दमटपणा वाढतो. त्यांना हवेत ३० ते ४० टक्के दमटपणा पुरतो, सिडनीच्या फेब्रुवारीत तो पन्नासच्या वर जाणारच, त्याने काही होत नाही, पण आपण होऊन भर घालायची नाही, श्वासाचे आजार होतात.

आता समजा गुंड्या वर्षाचा झाला, खातोय-पितोय, शीचा रिपोर्ट स्वच्छ आहे, आणि तुझ्या लेकाला खरी माती हवीच आहे, तर ती कशी करायची ते मी आनंदाने सांगते कारण हे माझं आवडतं काम आहे. दोन भाग साधी टॉपसॉइल आणि एक भाग धुतलेली प्ले सँड, मुलांच्या सँडपिटमध्ये घालतात ती, तिचे कण गोल असतात. बांधकामाची वाळू नको, ती टोकदार असते. टॉपसॉइल घेताना पिशवी उलटी करून वाच, खत नको, पाणी धरून ठेवणारी केमिकल्स नकोत, ते पांढरे पर्लाइटचे मणी नकोत, सरडे ते किडे समजून खातात. पॉटिंग मिक्स तर आणूच नकोस, त्यात हे सगळंच असतं, आणि इथल्या पिशव्यांवर लिजनेलाची (न्यूमोनिया करणारे जंतू) वॉर्निंग असते ती उगाच नसते. कुठलीही माती कालवताना मास्क लाव आणि बाहेर अंगणात कर.

मग पाणी शिंपडत शिंपडत कालवायचं, मुठीत दाबलं की रव्याच्या लाडवासारखं वळलं पाहिजे, पाणी गळता कामा नये आणि फुटताही कामा नये. तशी झाली की टँकमध्ये थर देत देत दाबायची, हाताने नाही जमत, एक सपाट लाकडी फळी घे आणि चोप. तू गावी खळं करताना बघितलंयस का? पाऊस संपला की अंगण खणायचं, पाणी मारायचं, आणि सगळ्यांनी मिळून चोपण्याने धपाधप चोपायचं, मग सारवायचं. अगदी तेच. फक्त सारवायचं नाही! मग बल्ब लावून चार-पाच दिवस, कधी आठवडाभर, पूर्ण वाळू द्यायचं आणि तोवर सरडा त्यात सोडायचा नाही. वाळली की अशी टणक होते की त्यावर क्रिकेट पळतो तेव्हा पायांचा आवाज येतो. तडे गेले तर जाऊदे, तिकडे पण जातात. नुसती सुट्टी राहिली, बोट सहज आत जातंय, तर माती कमी आणि वाळू जास्त झाली असं समज आणि परत कालव.

एक हिशोब मात्र आधी कर, आम्ही केला नव्हता. १२० बाय ६० मध्ये १० सेंटीमीटरचा थर म्हणजे ७२ लिटर, आणि दाबलेली माती लिटरला साधारण दीड किलोच्या आसपास जाते, म्हणजे शंभर किलो झाली की गं! आमच्या टीव्हीच्या स्टँडवर टँक होता, मधली फळी अशी वाकली की नवऱ्याने रात्री अकरा वाजता गॅरेजमधून विटा आणून खाली लावल्या. म्हणून सगळीकडे ४-५ सेंटीमीटर आणि एकाच कोपऱ्यात खोल, असं केलं तरी चालतं. आणि माती घातलीस तर खालून हीट मॅट लावायची नाही, जाड थराखाली उष्णता कोंडते आणि तो खणत खाली गेला तर भाजतो. उन्हासारखी ऊब वरूनच हवी.

तो खोल कोपरा का, तर तात्याची गोष्ट. तात्या दीड-दोन वर्षांचा असताना अचानक काचेच्या कोपऱ्यात खरवडायला लागला, दिवसभर, रात्री दिवे गेले तरी खरवडतोय, खाणं बंद. मला वाटलं वेड लागलं. व्हेटकडे नेलं तर बाईंनी पोटाला हात लावला आणि हसायला लागल्या, म्हणाल्या हा तात्या नाही, आत्या आहे. अंडी भरलेली! नर जवळपास नसला तरी माद्या अंडी घालतात, कोंबडीसारखं, आणि घालायला खणायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि जिवावर बेततं. त्याच दिवशी एका प्लास्टिकच्या खोल डब्यात २०-२५ सेंटीमीटर ओलसर माती-वाळू भरून दिली, बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओली, आणि सकाळी बघते तर २१ अंडी पुरून, वर माती सारखी करून, बाईसाहेब दगडावर झोपलेल्या. नाव मात्र तात्याच राहिलं, आता कोण बदलणार. तुझा गुंड्या पण गुंडी निघू शकतो, या वयात नीट सांगता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी फरशीवर असलीस तरी एका कोपऱ्यात असा खणायचा डबा ठेव. नर असला तरी खणायला आवडतंच त्याला.

खायला घालताना भाजी वाडग्यातच दे, आणि किडे शक्यतो फरशीच्या तुकड्यावर किंवा उंच कडांच्या भांड्यात, म्हणजे उद्या माती आली तरी तोंडात कमी जाईल.

साफसफाई, शी दिसली की लगेच उचलायची, फरशी आठवड्यातून एकदा जंतुनाशकाने पुसून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच सरडा आत. माती असेल तर शीच्या आजूबाजूची मूठभर माती पण काढायची आणि काही महिन्यांनी सगळीच बदलायची. आणि हात! सरड्यांच्या अंगावर, शीमध्ये साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) असू शकतो, त्यांना काही होत नाही, आपल्याला होतं. गुंड्याला हात लावला, त्याच्या वाडग्याला लावला, की साबणाने हात धुवायचे, मुलाने पण आणि तू पण, आणि त्याचं काहीही किचन सिंकमध्ये धुवायचं नाही. सासूबाई घरात आहेत म्हणून मुद्दाम सांगते, म्हाताऱ्या माणसांना आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना याचा त्रास जास्त होतो.

आणि नेटवर वाचताना एक लक्षात ठेव, बरेचसे लोक अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले असतात. गंमत बघ, प्राणी आपल्या दारातला, ऑस्ट्रेलियाने १९६० च्या दशकात इथल्या प्राण्यांची व्यापारी निर्यात बंद केली, आणि तरी त्याच्याबद्दलचा सल्ला तिकडून येतो. त्यांचा डिसेंबर म्हणजे थंडी, आपला म्हणजे उन्हाळा, त्यांच्या मातीच्या पिशव्यांची नावं इकडे मिळत नाहीत, आणि भांडणं तर काय, कांदा-लसूण मसाल्यावरून आपण भांडतो त्याच्या वर.

दुकानात जाऊन भांडू नकोस, वाळूची न फोडलेली पिशवी असेल तर परत घेतील का विचार, पैसे ट्यूबमध्ये घाल. टेम्परेचर गन आली की दगडावरचा आकडा मला कळव, व्हेट काय म्हणाले ते कळव, आणि गुंड्याने शी केली की तेही कळव, लाजू नकोस, माझ्या फोनमध्ये तात्याच्या शीचे फोटो माझ्या भाच्यांच्या फोटोंपेक्षा जास्त आहेत.

– तात्याची काकू